टॉवरला विरोध करू की मापणी मागू?

कुळागरवाली (फोंडा तालुका):
शेजारच्या भाटात (बागायतीत) मोबाईलचा टॉवर येतोय. आमच्या गॅलरीसमोरच, मध्ये फक्त दोन माड आणि एक फणस. रविवारी ग्रामसभा आहे आणि वाड्यावरचे सह्या गोळा करत फिरतायत. म्हणे, कॅन्सर होतो, मधमाश्या पळतात. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) आमच्या मधाच्या पेट्या आहेत, त्यामुळे मलाही धास्ती आहे. पण सही केल्यावर उद्या कुणी विचारलं तर बोलायचं काय? सरकारचा यावर काही नियम आहे की नाही?

जुनातंत्रज्ञ:
ताई, आहे, आणि बराच कडक आहे. टॉवरच्या लहरींची आंतरराष्ट्रीय मर्यादा ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेला दर चौरस मीटरला ४.५ वॅट. आपल्या दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून तिचा दहावा भाग ठरवला, म्हणजे ०.४५. कंपनीने प्रत्येक टॉवरचं स्वयंप्रमाणपत्र द्यायचं, विभाग त्यातले काही तपासतो, मर्यादा ओलांडली तर १० लाखांपर्यंत दंड. खरी मेख इथेच आहे, कारण कंपनीने स्वतःच लिहिलेल्या प्रमाणपत्रावर गाव विश्वास का ठेवेल? म्हणून सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर ४००० रुपये अधिक कर भरून आपल्या घराजवळ लहरींची मापणी मागता येते. दूरसंचार विभागाच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये (सेवाक्षेत्रात) येतो.

कॅन्सरचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना 'कदाचित कर्ककारक' गटात (२बी) टाकलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. शंका आहे, सिद्ध काही नाही. आणि अँटेना पुढे आडवा झोत टाकते, खांबाच्या बुडाशी तो कमी पडतो. रेंज कमी असली की कानाला लावलेला फोनच जास्त जोर लावतो, हे मात्र सभेत कुणी सांगत नाही.

सत्तरीकर:
२०२०च्या टाळेबंदीत आमच्या सत्तरी तालुक्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढली. टॉवर नको म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे एक महिना राहून बघावं. रुग्णवाहिकेला फोन लागत नाही तेव्हा कळतं.

कुळागरवाली:
सत्तरीकर, तुमचं पटतं. पण मधमाश्यांचं काय?

जुनातंत्रज्ञ:
हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पर्यावरण मंत्रालयाने २०१०मध्ये पक्षी-मधमाश्यांसाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. २०१२मध्ये सल्ला आला की आधीच्या टॉवरपासून एक किलोमीटरच्या आत नवा टॉवर नको. पण तो सल्लाच, कायदा नाही. आणि वरची ०.४५ची मर्यादा माणसाच्या शरीराकडे पाहून ठरलेली, मधमाशीचा त्यात विचार नाही. तुमच्या पेट्यांबद्दल विचारायचंच तर हे विचारा.

कुळागरवाली:
म्हणजे सही करू की नको?

जुनातंत्रज्ञ:
'रेडिएशनने कॅन्सर होतो' असं लिहिलेल्या कागदावर नको. दुसरा अर्ज लिहा. टॉवर सुरू झाल्यावर मापणी कंपनीच्या खर्चाने व्हावी, आकडा पंचायतीच्या फलकावर लागावा, एक किलोमीटरच्या आत आधीचा टॉवर आहे का ते सांगावं, आणि डिझेल जनरेटर तुमच्या गॅलरीकडच्या बाजूला नको. जनरेटरचं विसरू नका. वीज गेली की रात्रभर त्याची घरघर आणि धूर, आणि ते मोजायला कुठलंच यंत्र लागत नाही.