जैसलमेर: चार दिवस, दोघंच. बस नको, डीजे नको

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

जानेवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. लेक शिकायला पुण्यात, घरात आम्ही दोघंच. मागची सहल बावीस जणांबरोबर बसने केली. तेच ते सहा-सात-आठ. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. दहा दिवसांत नवऱ्याशी माझं बोलणं झालं ते "चार्जर घेतलात का?" आणि "बाथरूम मोकळी झाली का?" एवढंच. आता निवांत जायचंय. वाळवंट बघायची त्यांची लहानपणापासूनची इच्छा, म्हणून जैसलमेर.

अडचण अशी की त्यांच्या कंबरेत गॅप आहे, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेत. किती दिवस ठेवावेत? किल्ल्याच्या आत राहावं की खाली गावात? आणि उंटावर न बसता वाळू बघता येते का? सांगलीहून निघणार आहोत.

भटका_जोशी

दोन दिवस रग्गड. पहिल्या दिवशी सकाळी किल्ला, दुपारी पटव्यांची हवेली, चारला वाळूच्या टेकड्यांचं सम गाठायचं, जीप सफारी, उंट, रात्री कॅम्प. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सीमेजवळचं तनोट-लोंगेवाला, संध्याकाळी परत, रात्रीची गाडी. आम्ही आठ मित्रांनी असंच केलं. तनोटला १९६५ च्या लढाईतले न फुटलेले बॉम्ब देवळात ठेवलेत, ते चुकवू नका. कंबरेचं काही नाही हो, पट्टा लावायचा.

खिडकीजवळची_सीट

जोशीबुवा, तुमचा कार्यक्रम वाचूनच माझी कंबर धरली. :)

कृष्णाकाठ ताई, आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी जानेवारीतच गेलो होतो, नाशिकहून. हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झाले त्याच वर्षी. सहा दिवस राहिलो आणि तनोट पाहिलंच नाही. तुम्ही चार रात्री तरी ठेवा.

आधी राहण्याचं. किल्ल्याच्या आत राहायची मला फार हौस होती. हा किल्ला ११५६ साली रावळ जैसल यांनी बांधला आणि अजून आत माणसं राहतात. दारात स्कूटर, दोरीवर धुणी, ओट्यावर आजी लसूण सोलतेय. आत खोली घेतलीही होती. पण आमच्या ह्यांनी तीस वर्षं पाणीगळती शोधण्यात घालवलेली. लोक वर झरोके बघत होते, हे खाली वाकून गटारं बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका भिंतीशी नेऊन म्हणाले, "हात लाव." भिंत पायथ्याशी ओली होती. जिथे वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तिथे!

झालंय असं, की हा किल्ला बांधला तेव्हा पाणी बायका डोक्यावरून आणत, त्यामुळे सांडणार ते तांब्याभर. नंतर नळ आले, पर्यटक आले, खोलीगणिक न्हाणीघर आलं. ते पाणी खालच्या मातीत मुरतं, माती फुगते-सरकते आणि वरचे बुरूज सुटतात. काही बुरूज ढासळलेही आहेत. हे मला ह्यांनी शॉवर चालू असताना बाहेरून ओरडून सांगितलं. त्यानंतर तिथे अंघोळ करणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी आम्ही सामान उचलून खाली गावात आलो. तुम्ही सरळ खालीच राहा, फक्त गच्चीवरून किल्ला दिसेल अशी जागा घ्या. किल्ल्यात राहून किल्ला दिसत नाही, हे आम्हाला खाली आल्यावर कळलं.

ती गच्ची हीच आमची सहल समजा. जानेवारीत तिथे सूर्य साडेसातनंतर उगवतो, म्हणजे सहा-सात-आठवाल्यांना नाश्ता अंधारातच. आम्ही आठला गोधडीसकट वर यायचो. दगड सकाळी फिका, ताकासारखा. दुपारी बघवत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास आधी बुरुजांच्या कडा पिवळ्या होतात, मग अख्खी भिंत हळद लावल्यासारखी. पंधरा मिनिटं, आणि संपलं. हे रोज म्हणायचे, "कालच्यापेक्षा आज बरं होतं."

आता समचं. तिथला कॅम्प आम्ही घरूनच बुक केला होता, फोटोत एक तंबू, एक कंदील आणि चंद्र. प्रत्यक्षात तंबूंची चाळ. मधे सिमेंटचा गोल, त्यावर नाच, आणि नाच संपल्यावर डीजे. साडेबारापर्यंत. एका ग्रुपने वरातीतलं मराठी गाणं लावायला लावलं, तेव्हा मात्र हे अंधारात हसायला लागले. म्हणाले, "एवढे पैसे खर्चून आपण आपल्याच गल्लीत आलो." सकाळी वाळूत कुरकुऱ्यांची पाकिटं. जीप तर तुमच्यासाठी बादच, ती मुद्दाम उड्या मारत नेतात. उंटाचंही सांगते. तो आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे आपण तोंडावर जातो, मग पुढचे उचलतो की मागे फेकले जातो. कंबरेत गॅप असलेल्या माणसाने ते दुरून बघावं. उंटगाडी मिळते, सपाट फळीवर गादी टाकलेली, ती ठीक.

त्यापेक्षा खुरीला जा. तेही शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दुसऱ्या दिशेला. टेकड्या लहान, पण शांतता आहे. आम्ही पहाटे गाडी करून गेलो, गाडीवाल्याने गावाच्या कडेला सोडलं आणि तो झोपला. अनवाणी चालायला गेले तर वाळू इतकी गार, की फ्रीजमधल्या कणकेवर पाय ठेवल्यासारखं. वाळूवर बारीक शिलाई घातल्यासारखी एक रेघ होती. तिच्या मागे मागे गेलो तर टोकाला काळा किडा, नखाएवढा, चढावर घसरत आणि पुन्हा चढत. त्याच्याशेजारी आम्ही अर्धा तास बसलो असू. चहा थर्मासमधून नेला होता. ताई, तुम्हीही थर्मास न्याच.

गावात हवेल्या आहेत. पटव्यांची सगळे बघतात, गर्दी असते. मला आवडली ती नथमलजींची, १८८५ ची. दोन भावांनी एकाच वेळी कोरली, एकाने डावी बाजू, दुसऱ्याने उजवी. दुरून दोन्ही सारख्या, जवळून खिडकीला खिडकी जुळत नाही. दाराशी पिवळ्या दगडाचे दोन हत्ती आहेत. समोरच्या पायरीवर बसून आम्ही फरक शोधत होतो, तर एक दुकानदार येऊन म्हणाला, "बहनजी, तिकीट उस तरफ है." त्याला वाटलं, आम्ही वाट चुकलोय.

आणि कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव, गाडीवाला तुम्हाला भुताच्या गोष्टी सांगेल. दिवाण सालमसिंगाच्या जाचाने एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं उठली अशी ती कथा. भूत सोडा, त्या लोकांची शेती बघा. गाडीवाल्याला सांगा, खडीन दाखव. उतारावरचं पावसाचं पाणी खाली आडव्या बांधाने अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि हिवाळ्यात त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर पाणी द्यायचं नाही. पालीवालांची ही रीत शेकडो वर्षांची. जानेवारीत चारी बाजूंनी करडं माळरान आणि मधे गुडघाभर हिरवा गहू! हे बांधावर उभे राहिले ते राहिलेच. आमच्याकडे मोसम-पांझरेकाठी फड पद्धत होती ना, बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी पाळीने घ्यायचं, तिच्यावर ह्यांनी तिथल्या शेतकऱ्याला मराठीमिश्रित हिंदीत तासभर सांगितलं. त्याने ओंजळभर ओले हरभरे दिले. लग्नाच्या एवढ्या वर्षांत ऑफिसमध्ये हा माणूस काय करत होता, ते मला त्या बांधावर पहिल्यांदा नीट कळलं.

जेवणाचं: केर-सांगरी खा. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा, केर म्हणजे रानफळं, दोन्ही वाळवून ठेवतात. आंबट, तेलकट, लोणचं आणि भाजी यांच्या मधलं काहीतरी. बाजरीचा रोटला म्हणजे आपल्या भाकरीची जाडी बहीण. मी ठेचा नेला होता. घोटुवा लाडू एका वेळी एकच, तुपाने डोळे मिटतात.

एक राहिलंच, मांगणियारांचं गाणं. कॅम्पवर नको. आमच्या गच्चीच्या मालकाने एका म्हाताऱ्या काकांना बोलावलं, ते कमायचा घेऊन आले. कातडं मढवलेलं गोल पोट असलेलं, गजाने वाजवायचं वाद्य. त्यांचा नातू खडताल, म्हणजे लाकडी चिपळ्या, घेऊन. हे लोक मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या घरी जन्मापासून लग्नापर्यंत सगळ्याला गाणारे. काकांनी विचारलं, "वोही गाना सुनेंगे?" म्हणजे जे सगळे पर्यटक मागतात ते. मी म्हटलं, तुमच्या घरी जे गाता ते म्हणा. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ नुसताच गज ओढत राहिले. नातवाने मोबाईल खिशात टाकला.

कृष्णाकाठ

अगं बाई, किती छान लिहिलंत! वाचनखूण साठवली आहे. आता किल्ल्याला पायऱ्या किती, ते सांगा. आणि हे विचारतायत, माळढोक पक्षी दिसेल का? लहानपणी मामांकडे सोलापूरला असताना एकदा दिसल्याचं नेहमी सांगतात. खरं-खोटं देव जाणे.

नान्नजकर

त्यांना खोटं पाडू नका ताई, त्या काळी दिसायचा. सोलापूरजवळच्या आमच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, माळढोकासाठीच केलेलं. आता आमच्या माळावर नाव उरलंय.

जैसलमेर हे आज त्याचं मुख्य घर, पण तिथेही मोजकेच उरलेत. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीच्या कुंपणाच्या भागात जा, परवानगी घेऊन, सकाळी लवकर. मी तीन सकाळी गेलो, तिसऱ्या दिवशी एक मादी दिसली, लांबवर, गवतातून मान काढून चालणारी. पक्षी जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. सममध्ये अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे, पण ते काही पर्यटकांसाठी नाही.

दुर्बीण न्या. गाडीवाला "जवळ नेतो" म्हणाला तरी रस्ता सोडू देऊ नका.

भटका_जोशी

बरं, दोन दिवस कमी पडतील असं मानतो. तनोटबद्दल माझं मत कायम.

खिडकीजवळची_सीट

कायम ठेवा, कोण काढून घेतंय. :)

ताई, किल्ल्याला पायऱ्या नाहीत, दगडी फरसबंदीची चढण आहे, चार दरवाजांतून वळत जाणारी. दगड झिजून गुळगुळीत झालेत, रबरी तळाचे बूट घाला. शेवटचा दरवाजा हवापोळ. तिथे भर दुपारीही वारा असतो आणि गावातले म्हातारे तिथेच बसलेले असतात. ह्यांना बसवा त्यांच्यात. आतली जैन मंदिरं सकाळीच उरका. आत चामडं चालत नाही. आमच्या ह्यांना पट्टा काढून ठेवावा लागला. महिनाभराच्या पथ्याने पँट सैल झालेली, त्यामुळे ती एका हाताने धरून त्यांनी सगळे तीर्थंकर पाहिले. छतावरची नक्षी बघायला मान वर केली की हात सुटायचा.

रात्री थंडी बोचते. गरम पाण्याची पिशवी न्या, कंबरेलाही उपयोगी.

कृष्णाकाठ

धागा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. जोधपूरपर्यंत विमान आणि पुढे दिवसाची रेल्वे, असं ठरलं. पाच रात्री, सगळ्या खाली गावात. तनोट नाही, क्षमस्व जोशीबुवा.

पट्ट्याचं ऐकून हे उठले, कपाटातून इलॅस्टिकची पँट काढली आणि घडी करून बॅगेत ठेवली. निघायला अजून सात आठवडे आहेत.