सगळ्यांना ५८०?

शिंदे वहिनी, अ-२०३: सेक्रेटरी साहेब, काल रात्री तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत, "२६ हेल्मेट, सर्व ५८०." सव्वीस डोकी एकाच मापाची हे कुणी ठरवलं? मीटिंगला मी होते. तिथे पाऊण तास रंगावर गेला, मापाचं कुणी नावही काढलं नाही.

सेक्रेटरी साळुंखे: वहिनी, ५८० म्हणजे मीडियम. दुकानदार म्हणाला जास्त तेच खपतं. एकाच मापाचे घेतले तर नगामागे दीडशे कमी. थोडे पैसे गणपतीच्या वर्गणीतले उरलेले आहेत, बाकी प्रत्येकी ६००, सगळ्यांचा फायदा बघितला.

खजिनदार पवार: ज्यांचे ६०० रुपये आले नाहीत त्यांनी आज संध्याकाळपर्यंत द्यावेत. यादी बोर्डावर लावली आहे. 🙏

जगताप, ब-२०२: पुढच्या वर्षी सगळ्यांना ८ नंबरच्या चपला पण घ्या. अजून स्वस्त पडतील.

निकम सर, ब-१०१: ५८० म्हणजे डोक्याचा घेर ५८० मिलिमीटर, ५८ सेंटिमीटर. ५६० स्मॉल, ५८० मीडियम, ६०० लार्ज, ६२० एक्स्ट्रा लार्ज, साधारण असा हिशोब. पण एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढा निघू शकतो. आकड्यावरून सुरुवात करायची, निर्णय डोक्यावर घालूनच. सर्वांनी आज घरी माप घ्या. शिवणकामाची टेप, भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या जरा वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर येतो त्यावरून. टेप आडवी राहिली पाहिजे, मागे घसरली की माप कमी येतं. तीन वेळा मोजा, मोठा आकडा धरा.

माने काकू, अ-१०१: पाण्याची मोटर सकाळी साडेसहाला कुणी बंद केली? टाकी अर्धीच भरली.

जगताप, ब-२०२: काकू, आधी डोकं मोजा, मग टाकी.

माने काकू, अ-१०१: चेष्टा राहू दे. आमच्याकडे तीन बायकांना नऊ वाजता बाहेर पडायचं असतं.

देशपांडे काका, क-१०२: *फॉरवर्ड केलेला मेसेज:* हेल्मेटने मानेचे मणके झिजतात व टक्कल पडते. डॉक्टर हे सांगत नाहीत. दहा जणांना पाठवा.

ओंकार, ब-३०४: काका, हा या महिन्यातला तिसरा. मान दुखते ती बहुतेक वेळा सैल हेल्मेटने. हायवेला वारं खालून शिरतं, हेल्मेट वर उचलतं, मागे ओढतं, आणि ते सावरण्यात मान आखडते. फुल फेस, म्हणजे हनुवटीपर्यंत तोंड झाकणारं, साधारण १२०० ते १५०० ग्रॅमचं असतं. घट्ट बसलं तर तेवढं वजन जाणवत नाही. तेच सैल असेल तर हजार ग्रॅमचं पण जड लागतं.

सेक्रेटरी साळुंखे: मीडियम सैल झालं तर आत रुमाल घालता येईल ना?

शिंदे वहिनी, अ-२०३: नाही. रुमाल, जाड स्कार्फ, स्पंज काही कोंबायचं नाही. धक्का लागला की आधी रुमाल सरकतो, त्याच्याबरोबर हेल्मेट फिरतं. आत पातळ सुती टोपी चालेल, पण माप घेताना आणि घालून बघताना तीच टोपी डोक्यावर हवी.

निकम सर, ब-१०१: वहिनींचं बरोबर. काम आतल्या थर्माकोलचं असतं. बाहेरचं कवच जोर पसरवतं, थर्माकोल दबून धक्का शोषतो. डोकं आणि थर्माकोल यांच्यात मोकळी जागा राहिली तर डोकं आधी त्या जागेत आपटतं, मग थर्माकोलवर. रस्त्याकडेला दोनशे रुपयांना मिळतं त्यात बऱ्याचदा थर्माकोलच नसतो, कवचाला पातळ स्पंज चिकटवलेला असतो. बोट घालून गादी बाजूला करा, खाली पांढरा किंवा काळा कडक थर दिसला पाहिजे.

खजिनदार पवार: ज्यांचे ६०० रुपये आले नाहीत त्यांनी आज संध्याकाळपर्यंत द्यावेत. 🙏

जगताप, ब-२०२: पवार साहेब, माप न घेता पैसे? आधी कापड, मग शिंपी.

खजिनदार पवार: मीटिंगमध्ये ठराव झाला आहे. ज्यांना हरकत आहे त्यांनी तेव्हा बोलायचं होतं. तुम्ही मात्र मीटिंगला नव्हता.

जगताप, ब-२०२: माझी जागा पार्किंगमध्ये ठरली तेव्हा पण मी नव्हतो, साहेब. म्हणून ती मोरीच्या तोंडाशी आली.

सेक्रेटरी साळुंखे: कृपया पार्किंगचा विषय इथे नको. 🙏

कदम, क-३०१: दुकानात पोरं म्हणतात "घट्ट वाटतंय? दिवसभर घाला, सैल होईल." खरं का?

ओंकार, ब-३०४: अर्धं खरं. सैल होतात गालांचे पॅड. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्पंज दबतो, म्हणून गालाला सुरुवातीला चांगलंच घट्ट हवं. तोंड मिटून चावल्यासारखं करा, गालाचा आतला भाग दाताखाली आला पाहिजे. आरशात गाल फुगलेले दिसले तर बरोबर. पण कपाळाला किंवा कानशिलाला एकाच जागी रुपयाएवढं टोचत असेल तर ते कधीच सैल होत नाही, कारण तिथे गादीच्या खाली थर्माकोल आहे. पंधरा-वीस मिनिटं घालून दुकानातच बसा, फोन बघत. काढल्यावर कपाळावर लाल डाग दिसला की ते परत द्या. घरी आणून चाळीस मिनिटांत डोकं ठणकायला लागलं तर दुकानदार वापरलेलं परत घेणार नाही.

कदम, क-३०१: मग तेव्हा एक साइज मोठं घ्यायचं ना?

ओंकार, ब-३०४: इथेच बहुतेक जण फसतात. वरून बघितलं तर काहींचं डोकं लांबट असतं, काहींचं गोल. लांबट डोक्याला गोल हेल्मेट घातलं तर कपाळाला आणि मागे टोचतं, आणि कानांच्या वर बोट जाईल एवढी फट राहते. गोल डोक्याला लांबट घातलं तर दोन्ही कानशिलं आवळतात. अशा वेळी साइज वाढवली तर टोचणं जरा कमी होतं, पण बाकी सगळीकडे सैल. म्हणून साइज तीच ठेवायची आणि मॉडेल बदलायचं. घरच्या कुणाला तरी वरून फोटो काढायला सांगा, केस चापून बसवून.

जगताप, ब-२०२: म्हणजे आता डोक्याचे पण फोटो ग्रुपवर येणार.

देशपांडे काका, क-१०२: चष्मा असणाऱ्यांनी काय करायचं? घालताना प्रत्येक वेळी चष्म्याच्या काड्या वाकतात.

निकम सर, ब-१०१: काका, चष्मा काढून हेल्मेट घाला, मग काच वर करून चष्मा सरळ आत सरकवा. काड्या सरळ आणि पातळ हव्यात, कानामागे फार वळलेल्या नकोत. काही मॉडेलमध्ये कानशिलाच्या पॅडला चष्म्यासाठी खाच असते, ती विचारून घ्या. दुकानात चष्म्यासकटच बघा. चष्म्याशिवाय मऊ वाटलेलं चष्म्याने अर्ध्या तासात टोचतं.

माने काकू, अ-१०१: अंबाड्याचं काय? आणि मोटरचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

शिंदे वहिनी, अ-२०३: काकू, हेल्मेटखाली अंबाडा नको. मागे उंचवटा आला की हेल्मेट पुढे कलतं, कडा भुवयांवर येते. वेणी घाला, मानेच्या खालच्या बाजूला. तो मोठा पंजासारखा क्लिप आणि पिना काढायच्याच. गाडीवर मागे बसणाऱ्यालाही हे सगळं तेवढंच लागू. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागच्यालाही आहे, आणि पट्टा बांधलेला असला तरच ते हेल्मेट धरलं जातं.

जगताप, ब-२०२: साताऱ्यात शाहूपुरीतून पोवई नाक्यापर्यंत निम्मी हेल्मेटं पेट्रोलच्या टाकीवर बसलेली असतात. त्यांचं माप कुठलं?

सेक्रेटरी साळुंखे: 😀 बरं, पट्ट्याचं सांगा. दुकानदाराकडे दोन प्रकार आहेत, एक खटक्याचं, एक दोन कड्यांचं.

ओंकार, ब-३०४: रोज चार वेळा काढ-घाल असेल तर दातेरी पट्टीचं खटक्याचं बकल सोयीचं. पण पट्ट्याची लांबी एकदा नीट लावून घ्यायची. लोक दुकानात सैल होता तसाच वर्षभर ठेवतात. दोन कड्यांचं दरवेळी आपोआप नेमकं बसतं. पट्टा दोन्ही कड्यांतून घालायचा, मग बाहेरच्या कडीवरून वळवून फक्त आतल्या कडीतून परत घ्यायचा आणि ओढायचा. दोन्हींतून तसाच बाहेर काढून टोकाचं बटण लावलं तर तो बांधलेलाच नाही, ते बटण फक्त शेपूट फडफडू नये म्हणून. हनुवटीखाली कसंबसं दोन बोटं जातील एवढाच.

आणि शेवटी दोन चाचण्या. पट्टा लावा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय म्हणजे मोठं आहे. मग दुसऱ्या कुणाला तरी मागची खालची कड धरून वर आणि पुढे ओढायला सांगा. डोक्यावरून निघून आलं तर ते कितीही महाग असो, ठेवून द्या.

निकम सर, ब-१०१: ओंकार, छान लिहिलंस. एक भर. आयएसआयचा शिक्का असतो, त्यावर आयएस ४१५१, म्हणजे हेल्मेटच्या मानकाचा नंबर, आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआयशिवाय विकताच येत नाही. तो परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये (आयएसआय देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला की कंपनीचं नाव येतं, हेल्मेटवरच्या नावाशी जुळवा. नुसतं डीओटीचं, म्हणजे अमेरिकन मानकाचं, स्टिकर चालत नाही. साळुंखे, ऑर्डरच्या आधी एका नगाचा क्रमांक तपासून घ्या.

खजिनदार पवार: ज्यांचे ६०० रुपये आले नाहीत त्यांनी

खजिनदार पवार: चुकून गेला. आज संध्याकाळपर्यंत द्यावेत. 🙏

कदम, क-३०१: पावसाचं पण बोला कुणीतरी. यवतेश्वर घाटाच्या वळणांवर काच आतून पांढरी होते, मग लोक काच पूर्ण वर करून भिजत जातात.

ओंकार, ब-३०४: श्वासाची वाफ गार काचेवर बसते. हनुवटीसमोरचं वाऱ्याचं छिद्र उघडा, काच एक खाच वर ठेवा. घरगुती उपाय म्हणजे भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून लावून कोरड्या फडक्याने दिसेनासा होईपर्यंत पुसायचा. एक-दोन दिवस टिकतो. कास-बामणोलीला नेहमी जाणाऱ्यांनी काचेत आतली दुसरी पातळ काच बसते का ते बघून घ्यावं, आतल्या बाजूला दोन खुंट्या दिसतात. आणि काळी काच घेऊ नका. संध्याकाळी घाटात खड्डा दिसत नाही.

शिंदे वहिनी, अ-२०३: आत्ता पार्किंगमधून आले. चार हेल्मेटं गाडीच्या आरशावर अडकवलेली. आरशाचं टोक आतल्या थर्माकोलला रोज एकाच जागी खड्डा पाडतं, आणि तो खड्डा भरून येत नाही. दोन जिन्याच्या कठड्यावर ठेवलेली, पडली की वरून काही दिसत नाही पण आत थर्माकोल दबलेला असतो.

जगताप, ब-२०२: त्यातलं एक माझं. माझ्या जागेवर मोरीचं पाणी असतं, खाली कुठे ठेवू?

सेक्रेटरी साळुंखे: जगताप साहेब.

जगताप, ब-२०२: बरं बरं.

माने काकू, अ-१०१: वास येतो त्याला काय करायचं? आमच्या मुलाचं हेल्मेट दारात ठेवलं की मांजर पण येत नाही.

निकम सर, ब-१०१: पॅड बटणाने निघतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, नाहीतर डावा-उजवा बदलतो. कोमट पाणी, बाळाचा शाम्पू, हाताने दाबून धुवा, पिळू नका. सावलीत एक-दीड दिवस. गच्चीवर उन्हात अजिबात नको. कवच ओल्या फडक्याने पुसा, पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लॅस्टिकचं कवच त्याने आतून ठिसूळ होतं. पॅड बदलायचेच झाले तर काही कंपन्यांचे कमी-जास्त जाडीचे गालाचे पॅड वेगळे मिळतात, त्यानेही माप थोडं जुळवता येतं.

शिंदे वहिनी, अ-२०३: आणि लहान मुलांना मोठ्यांचं देऊ नका. चार वर्षांच्या वरच्या मुलांना हेल्मेट कायद्याने आहेच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही हेल्मेट, चालकाला बांधायचा पट्टा, आणि ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही. यादीत मुलांची हेल्मेटं शून्य आहेत. बिल्डिंगमध्ये शाळेला गाडीवरून जाणारी मी मोजली, नऊ.

खजिनदार पवार: नऊ वाढवली तर हिशोब बदलेल. ठराव परत घ्यावा लागेल.

जगताप, ब-२०२: घ्या. यावेळी मी येतो.

सेक्रेटरी साळुंखे: दुकानदाराशी बोललो. दीडशेची सूट जाईल. पण दोन मॉडेल, प्रत्येकी ५६० ते ६२०, असे आठ नमुने रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये आणतो म्हणतोय. मुलांचे वेगळे. प्रत्येकाने पंधरा मिनिटं घालून बसायचं. खुर्च्या हॉलमधून आणा. तोवर आपापलं माप इथे टाका.

निकम सर, ब-१०१: ५७.५

शिंदे वहिनी, अ-२०३: ५५, आमचे ५९, मुलगी ५२

कदम, क-३०१: ६०. वरून लांबट वाटतंय, घरच्यांचं म्हणणं.

देशपांडे काका, क-१०२: ५६ चष्म्यासहित

ओंकार, ब-३०४: काका चष्मा काढून मोजा 😀

माने काकू, अ-१०१: ५४. अंबाडा सोडून. मोटर बंद केली ते ज्यांना माहीत आहे त्यांनी पण लिहा.

जगताप, ब-२०२: ५८. हो, ५८. एकाच माणसाला बरोबर आलं ते मलाच.

ओंकार, ब-३०४: सेक्रेटरी काका, तुमचं राहिलं.

खजिनदार पवार: ज्यांचे ६०० रुपये आले नाहीत त्यांनी सध्या थांबावे. 🙏

सेक्रेटरी साळुंखे: दुकानदाराला ६२० चे दोन नग जास्त आणायला सांगितलं आहे. कुणासाठी ते विचारू नये. आणि काकू, मोटर मीच बंद केली, टाकी भरली असं वाटलं.