घरात डावरं मूल आहे? तुम्ही काय केलंत ते सांगा

मुलगी पहिलीत, आम्ही चिपळूणला. पेज खाताना चमचा उजव्या हातात दिला की लगेच डाव्यात घ्यायची, तेव्हाच कळलं होतं. सासूबाई म्हणाल्या आत्ताच सवय मोडा. मी नाही मोडली, पण लिहायला लागल्यावर लक्षात आलं की मलाच काही माहीत नाही. शिरोरेखा उजवीकडून डावीकडे ओढते, शाई करंगळीखाली फासली जाते आणि बाई म्हणतात अक्षर घाण. तुमच्याकडे कसं जमवलंत?

*

वही सरळ ठेवू नका हो. उजवीकडे कलती करा म्हणजे डावा वरचा कोपरा वर येईल, पेन्सिल टोकापासून जरा लांब धरायची, हात ओळीच्या खाली. जेल पेन बंद. आमच्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, चौथीपर्यंत मनगट गळासारखं वाकवून लिहायचा आणि हात दुखतो म्हणायचा, मला वाटायचं अभ्यास टाळतोय. ओरडलोय त्याच्यावर. आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी रोज मारामारी.

*

मी स्वतः डावरा, वय 58, वेंगुर्ला. गुरुजींनी बोटांवर पट्टी मारून उजव्याने लिहायला लावलं. सही अजून दोनदा सारखी येत नाही, बँकेत दरवेळी कटकट. बाकी सगळं डाव्यानेच, पाग म्हणजे मासे धरायचं जाळं फेकणंसुद्धा. खरा घोळ भातकापणीला, विळ्याचे दाते एकाच बाजूने घासलेले, उजव्या हाताच्या हिशोबाने, डाव्याने ओढला की कापायचं सोडून घसरतो. वडलांनी लोहाराकडून मुद्दाम उलटा विळा करून आणला. तोच माणूस लिहिण्याच्या बाबतीत मात्र गुरुजींच्या बाजूने!

*

कात्रीचंही तेच. साधी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं कापायची रेघच झाकतं. डावखुऱ्यांची वेगळी मिळते, ऑनलाइन घ्या.

*

शंभरात दहाएक जण असे असतात, त्यात काय एवढं. सचिन बॅटिंग उजवी करायचा पण लिहितो डाव्याने, म्हणजे सगळं एकाच हाताने असंही नाही. आमचा पुतण्या भजनात पखवाज उलटा घेतो, कणीक लावतात ती बाजू उजवीकडे. बुवा आधी भडकले, मग म्हणाले "वाजव रे तसोच". आता दुसरा वाजवायला बसला की पखवाज फिरवून घ्यावा लागतो, आणि अंधारात घाईत घेतला की पहिल्याच थापेला सगळी मंडळी हसतात.

*

प्रसाद उजव्या हातात घ्यायचा एवढं आम्ही ठेवलंय, आईच्या समाधानासाठी. पण मोदक मुलगी डाव्यानेच वळते, त्यामुळे तिच्या कळ्या उलट्या फिरतात. मोदकपात्राचं झाकण काढलं की 21 मधले तिचे कुठले ते लांबूनच कळतं. फुटलेले कुणाचे हेही मग लपत नाही, त्यावरून दरवर्षी भांडण.