हेडफोन अ‍ॅम्प सुचवा, जरा लवकर (बजेट मध्यम)

विलंबित_एकताल:
नमस्कार मंडळी. नवीन हेडफोन घेतलेत, २५० ओहमवाले, आणि आवाजच नाही. म्हणजे येतो, पण फुल व्हॉल्यूमला सुद्धा स्वयंपाकघरातला मिक्सर जास्त ऐकू येतो. फोनवर तेच, लॅपटॉपवर तेच. दुकानदार आता म्हणतो अ‍ॅम्प लागेल, विकताना गप्प होता. शनिवारी तपकीर गल्लीत कामाला जाणारच आहे तर तिथे काय मागू तेवढं सांगा. लेखांच्या लिंका देऊ नका, वाचून डोकं उठलंय, एक म्हणतो वॅट बघ, दुसरा म्हणतो व्होल्ट बघ.

कर्वेरोड_कट्टा:
हेडफोन कुठले? फोन कुठला? मध्यम म्हणजे किती? आमच्या एका मित्राचं मध्यम बजेट दीड लाखापासून सुरू होतं.

फिओवाला_बंड्या:
डोळे झाकून फिओ के७ घ्या, विषय संपला. माझ्याकडे सेनहायझर एचडी ६५० आहेत, तेही ३०० ओहम, मजेत चालतात.

विलंबित_एकताल:
सांगितलं ना २५० ओहम. बरं, बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो. बारा हजार, ताणून पंधरा. के७ त्यात बसत नाही, बघून झालंय. फोन वनप्लस, त्याला अ‍ॅपलचं डोंगल (यूएसबी-सीला लावायचं, हेडफोनच्या पिनसाठी). ऐकतो शास्त्रीय, बरंचसं यूट्यूबवर, जुनी मैफिलींची रेकॉर्डिंग.

मेट्रोने_जाते:
मी वनाज ते रामवाडी रोज सोनीचे नॉइज कॅन्सलिंग ब्लूटूथ वापरते, बाहेरचं काहीही ऐकू येत नाही, वायर नाही, अ‍ॅम्प नाही. हे परत करून ते घ्या ना.

विलंबित_एकताल:
ताई, घरी बसून ऐकायचंय. परत घेत नाहीयेत.

ओहमकाका:
आता माहिती आली तर हिशेब मांडतो. डीटी ९९० प्रोची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. २५० ओहममधून १ मिलिवॅट जायला अर्धा व्होल्ट लागतो. तुमचं डोंगल तेवढंच देत असेल तर तबल्याच्या सगळ्यात जोरदार थापेला ९६, आणि आलापी त्याच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली, म्हणून मिक्सर जिंकतो. ११० पर्यंत जागा ठेवायची तर २५ मिलिवॅट, म्हणजे अडीच व्होल्ट. बघा, वॅट चिमूटभरच लागतात, व्होल्ट मात्र हवेत. चौथ्या मजल्यावर पाणी चढवायला प्रेशर लागतं, नुसता जाड पाइप टाकून उपयोग नाही. तेव्हा '३२ ओहमला १ वॅट' असल्या जाहिरातींकडे बघूच नका, २५० किंवा ३०० ओहमला किती ते बघा.
शिवाय यूट्यूब मोठ्या आवाजाची गाणी खाली आणतं पण बारीक आवाजाची वर उचलत नाही. सिनेमाचं नवीन गाणं लावून बघा, बरंच मोठं वाटेल.

धायरीफाटा:
प्रेशरचं नाव काढू नका काका, आमच्याकडे चौथा मजला सोडा, पार्किंगच्या नळाला पाणी नाही. टँकर येतो तोही सोसायटीतल्या निम्म्या लोकांना न कळवता.

कर्वेरोड_कट्टा:
धागा कशाचा, चाललंय काय.

डोंगलभक्त:
पंधरा हजार कशाला घालवता? मूनड्रॉप डॉन प्रो घ्या, फोनला लावा, ४ व्होल्ट देतं. बजेटच्या निम्म्यातही येईल. उरलेल्या पैशात सवाईची तिकिटं काढा.

ओहमकाका:
ते ४ व्होल्ट ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड भोकातून (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या). साध्या ३.५ मधून २ व्होल्ट. आणि डीटी ९९० प्रोची वायर डाव्या कपातून निघते ती निघतच नाही, कायमची जोडलेली आहे, तिला बॅलन्स्ड कसं करणार? अर्धी माहिती देऊन लोकांना खर्चात पाडू नका.

डोंगलभक्त:
बरं, २ व्होल्ट. २ आणि २.५ मध्ये फरक किती? दोन डेसिबल. कानाला जेमतेम कळेल. तुमच्याच हिशेबाने सांगतोय.

ओहमकाका:
हो, दोनच. पण मग फोनची बॅटरी खातं, टेबलावर लोंबकळतं, आणि व्हॉल्यूमला नुसती बारीक बटणं. डेस्क अ‍ॅम्पला हाताने फिरवायचा नॉब असतो, त्याची सर नाही.

डोंगलभक्त:
म्हणजे आता नॉबसाठी सात-आठ हजार जास्तीचे.

व्हॉल्व्ह_वेडा:
तुम्ही दोघं आकड्यात अडकलात. २५० ओहम म्हणजे ट्यूबसाठीच (काचेच्या व्हॉल्व्हसाठी) जन्माला आलेली वस्तू. ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (ओहममध्ये मोजतात तो विरोध) जास्त असतो, ३२ ओहमवाल्यांना तो मारक, पण २५०, ३००, ६०० ला झकास जमतो. डीटी ९९० ची वरची पट्टी टोचते, ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे, जवारी कर्कश लागते, ट्यूबने तीही मऊ होते. सेकंडहँड शोधा, थोडा धीर धरा.

ओहमकाका:
८ किलोहर्ट्झचा उंचवटा हेडफोनचा आहे, अ‍ॅम्प बदलून तो जात नाही. इक्वलायझरमध्ये तिथे चार-पाच डेसिबल कापा, फुकटात काम होतं.

व्हॉल्व्ह_वेडा:
इक्वलायझर लावून मैफल ऐकणारे तुम्हीच.

बे_एरिया_ते_बावधन:
अमेरिकेत कोणी आहे का नात्यात? शीटचा मॅग्नी मागवा (नावावर जाऊ नका), तुमच्या हेडफोनला पुरून उरेल.

सदाशिव_साउंड:
मॅग्नी उत्तम, पण तिकडचा अ‍ॅडॉप्टर ११५ व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला थेट लावला की धूर. आणि तो साधा चार्जर नाही, एसी घेऊन एसीच देतो, १६ व्होल्ट. माझ्या मेहुण्याने राउटरचा अ‍ॅडॉप्टर 'पिन बसली' म्हणून खुपसला होता. तो डीसी देतो, चालणारच नाही.
विलंबितराव, एक विचारू? लॅपटॉप कुठला, आणि जॅक लॅपटॉपच्या अंगावरचाच ना?

विलंबित_एकताल:
लॅपटॉपचा काय संबंध, अ‍ॅम्प विचारतोय मी. ऑफिसचा मॅकबुक प्रो आहे, १४ इंची. टेबलावर हब आहे त्यालाच मॉनिटर, कीबोर्ड, हेडफोन सगळं. रोज कोण वायरी काढत बसणार.

सदाशिव_साउंड:
हबमधून काढा आणि मॅकच्या डाव्या बाजूला खोचा. २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंचीत अ‍ॅपलने हीच सोय दिलीय, पिन घातली की जॅक इम्पिडन्स ओळखतो आणि १५० ओहमच्या वर असेल तर ३ व्होल्टपर्यंत देतो. हबमधलं दोन रुपयांचं साउंड कार्ड ते कुठून देणार. साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट बदलायला विसरू नका, नाहीतर हबलाच जात राहील. आणि अ‍ॅपलचं डोंगल अ‍ॅन्ड्रॉइडला लावलं की आवाज दबलेला राहतो, हे जुनं दुखणं आहे, त्यात तुमच्या वनप्लसचा दोष नाही.

फिओवाला_बंड्या:
तरी के७ तो के७च.

विलंबित_एकताल:
लावला. स्लायडर अर्ध्याच्या खाली आहे आणि पुरतोय. बायाँची मींड पहिल्यांदा नीट कळली, आधी नुसतं टक टक यायचं. मागे कोणीतरी खोकतंय तेही ऐकू येतंय.
पण अ‍ॅम्प सुचवाच. नोटीस पीरियड चालू आहे, हा लॅपटॉप महिनाअखेर परत द्यायचाय, मग पुन्हा फोनच.

कर्वेरोड_कट्टा:
हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर काकांचा बीपी वाचला असता.

ओहमकाका:
माझा बीपी उत्तम आहे. फोनच असेल तर मुकाट्याने ३.५ मधून २ व्होल्ट देणारं डोंगल घ्या, डोंगलभक्त म्हणतात तेच, यावेळी त्यांचं बरोबर. पुढे घरी स्वतःचा कॉम्प्युटर आला की डेस्क अ‍ॅम्पचं बघू, तेव्हा हाय गेनचं (सिग्नल जास्त वाढवायचं) बटण असलेला घ्या. डब्यात स्क्रूवाला जाड ६.३५ चा अ‍ॅडॉप्टर आलाय तो जपून ठेवा, तेव्हा लागेल.
आणि शनिवारी तपकीर गल्लीत नुसतं 'अ‍ॅम्प द्या' म्हणालात तर स्पीकरचा अ‍ॅम्प हातात ठेवतील. त्याला हेडफोन जोडू नका, कॉइल जळेल.

डोंगलभक्त:
स्क्रीनशॉट काढून ठेवला, काका म्हणाले माझं बरोबर.

धायरीफाटा:
नोटीस पीरियड? कुठे चाललात? आमच्याकडे हिंजवडीत जागा आहेत, लॅपटॉप मॅकबुकच देतात. व्यनि करा.