१९ महिन्यांची मुलगी माती खाते, कॅल्शियम कमी असेल का?

पांढरकवड्याची आई: मुलगी १९ महिन्यांची झाली, अजून भिंत धरूनच चालते, दात चारच आणि सारवलेल्या भिंतीचे पोपडे काढून खाते. नखावर पांढरे ठिपके पण आहेत. सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी आहे, मेडिकलवाल्याने बाटली दिली. देऊ का?

अंगणवाडी ताई: ताई, माती खाणं बहुतेक वेळा रक्त कमी असल्याने असते, आमच्या गावात पण सगळे कॅल्शियमच म्हणतात. आधी एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) तपासून घ्या. ठिपके नखाला मार लागून येतात, त्याचं टेन्शन नका घेऊ. आणि लोहाचं औषध सुरू झालं तर त्याच वेळी कॅल्शियम नका देऊ, लोह अंगी लागत नाही.

वणीची सिस्टर: पण चालणं मागे पडलं ते सोडू नका ना, १८ महिन्यांपर्यंत लेकरू एकटं चालायला पाहिजे. मनगटाचं हाड रुंद लागते का, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात का, टाळू भरली का ते बोटाने पाहा. पाय थोडे वाकडे दोन वर्षांपर्यंत बऱ्याच लेकरांचे असतात, त्याला घाबरू नका.

पांढरकवड्याची आई: जावेच्या पोराचं मनगट धरून पाहिलं, हिचं खरंच रुंद लागते 😟 टाळू पण मऊच आहे. व्हिटॅमिन डीचे थेंब संपले ते मी परत आणलेच नाही.

वणीची सिस्टर: मग मुडदूस (डी कमी पडून हाडं मऊ होतात तो आजार) असू शकतो, या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डी नसलं तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही, नुसती बाटली पाजून काय होणार. थेंब एक वर्षापर्यंत रोज ४०० युनिट द्यायचे असतात, आता किती ते डॉक्टर सांगतील, मोठ्या डोसचं इंजेक्शन मनाने टोचून घेऊ नका, किडनीवर येते. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं तरी खूश होऊ नका, शरीर हाडातून काढून रक्तात भरते, म्हणून अल्कलाइन फॉस्फेटेज ही रक्ततपासणी आणि मनगटाचा एक्स-रे विचारा. हातपाय आखडले किंवा झटका आला तर थेट दवाखाना.

मुनगा_शेतकरी: वहिनी पाणी बोरचं आहे का? यवतमाळ-चंद्रपूरकडे बऱ्याच बोरमध्ये फ्लोराइड आहे, त्यानेही लेकरांची हाडं वाकतात आणि कॅल्शियम कमी असलं तर जास्तच, ग्रामपंचायतीत सांगून पाणी तपासा. खायला मुनग्याचा (शेवग्याचा) पाला वरणात शिजवून द्या, तीळ भाजून बारीक कुटून भाकरीच्या काल्यात टाका. या वयाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, १०० मिली दुधात साधारण १२० असते.