मदत हवी आहे: नववीतल्या एडीएचडी मुलाला 'वर्किंग मेमरी'चं ॲप लावावं का?

खडूफळा:
माझ्या वर्गातला मुलगा, १४ वर्षांचा, मराठी माध्यम. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जातं ती स्थिती) निदान झालंय, दंगेखोर नाही, लक्ष उडणारा. औषध अजून नाही. वाचन वयाप्रमाणे. अडतं ते असं:

बीजगणितात दोन चलांच्या समीकरणांची रीत तोंडी नीट सांगतो, वहीत मात्र तिसऱ्या ओळीपर्यंत चिन्ह हरवलेलं असतं. 'वही काढा, सरावसंच उघडा, तिसरं आणि पाचवं उदाहरण सोडवा, मग शेजाऱ्याशी ताडून बघा' यातलं पहिलं आणि शेवटचंच त्याच्यापर्यंत पोचतं. फळ्यावरून उतरवताना मधली अर्धी ओळ गायब.

मानसशास्त्रीय चाचणीच्या अहवालात अंकविस्तार (ऐकलेले अंक परत म्हणायची चाचणी) 'सरासरी' आहे, म्हणून पालक म्हणतात स्मृती ठीक, हा आळस. आणि त्याच दमात स्मृती वाढवणारं पाच आठवड्यांचं महागडं ॲपही घ्यायला निघालेत! वर्गात ५५ मुलं, जादा शिक्षक नाही, हे धरून सांगा.

उलटे_अंक:
आधी अहवाल. अंकविस्तारात मुख्य दोन भाग असतात: ऐकलेले अंक त्याच क्रमाने म्हणणं आणि उलट्या क्रमाने म्हणणं. सुलट म्हणणं म्हणजे नुसतं धरून ठेवणं. उलट म्हणताना धरलेलं डोक्यात फिरवावं लागतं, आणि वर्किंग मेमरी म्हणतात ती ही. छापताना बहुतेकदा दोन्हींची बेरीज येते, त्यामुळे चांगलं सुलट कच्च्या उलटला झाकून टाकतं. दोन्ही गुण वेगळे मागून घ्या. शिवाय चाचणी शांत खोलीत, समोर एकच माणूस असताना होते. तुमच्या वर्गात पंखा, ५४ मुलं आणि खिडकी असते. एडीएचडीच्या प्रत्येक मुलाचे हे गुण कमी येतातच असंही नाही, तेव्हा 'सरासरी'वरून आळसाचा निष्कर्ष निघत नाही.

ॲप घेऊ नका. अशा प्रशिक्षणांवरच्या अभ्यासांचा मेल्बी-लेर्व्होग आणि ह्यूम या संशोधकांनी २०१३ साली एकत्रित आढावा घेतला. सराव केलेल्या खेळासारख्या कामात काही काळ सुधारणा दिसते. गणित, वाचन, लक्ष यांच्यापर्यंत ती पोचल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. डोक्यातली जागा वाढवण्यापेक्षा डोक्यातलं ओझं कागदावर उतरवा.

समीकरणात काय होतं ते पाहा. ५क्ष − ३य = १४ मधून २क्ष − ३य = २ वजा करायचंय. मुलाला एकाच वेळी कोणतं कशातून वजा, तिन्ही पदांची चिन्हं उलटणं, प्रत्यक्ष वजाबाकी आणि पानावरची जागा हे सगळं सांभाळावं लागतं. पहिल्या पदापर्यंत जमतं, मग −३य मधून पुन्हा ३य वजा होऊन −६य येतं. रीत येत असूनही उत्तर चुकतं ते इथे. उपाय: चिन्ह बदलणं ही स्वतंत्र ओळ करा. दुसऱ्या समीकरणाच्या प्रत्येक पदाखाली नवं चिन्ह लाल पेनाने आधी लिहायचं, तिन्ही चिन्हं झाल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही. मग ३क्ष = १२ आपोआप येतं.

पायरीपट्टी:
वरच्याशी सहमत, पण घाईने 'वर्किंग मेमरी' म्हणू नका. आधी एक साधी पडताळणी. चार दिवस तीच सूचना तोंडी न देता चिठ्ठीवर द्या. काम पूर्ण झालं तर अडचण धरून ठेवण्याची. चिठ्ठी समोर असूनही सात-आठ मिनिटांत पेन थांबत असेल तर अडचण टिकून राहण्याची, तिथे कामाचे तुकडे लहान करावे लागतील. फळ्यावरचं सुटतंय म्हणून चष्म्याचा नंबरही तपासा. आणि काही सेकंद टक लावून थिजतो, हाक मारली तरी उत्तर नाही, मग काहीच न घडल्यासारखा पुढे चालू, असं दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा. तो फिटचा एक प्रकार असू शकतो.

५५ मुलांत चालणारी युक्ती: पोस्टकार्डाएवढी पट्टी, त्यावर जास्तीत जास्त पाच पायऱ्या, प्रत्येकीत तीन-चार शब्द. कडेला कागदाची पिन, पायरी झाली की ती खाली सरकवायची. लक्ष उडून परत आलं की 'कुठे होतो मी?' याचं उत्तर पिन देते. पट्टी मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावी. शिक्षकांनी लॅमिनेट करून दिलेली दप्तरातच राहते. बाकावर चिकटवू तर मुळीच नका, नववीतलं पोर चारचौघांत लाजतं. कंपासपेटीच्या झाकणात बसेल अशी कापा.

तोंडी सूचना एका वेळी दोनच, बाकीच्या फळ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात. त्याचा फायदा बाकी ५४ जणांनाही होतो, म्हणून वेगळी वागणूक वाटत नाही.

खडूफळा:
धन्यवाद! पट्टी कधी काढून घ्यायची? आणि दहावीला जादा वेळ मिळेल का?

पायरीपट्टी:
तीन आठवडे बरे गेले की 'आता आलं' म्हणून पट्टी काढतात आणि चाचणीत सगळं कोसळतं. काढू नका, आखडा. पाच पायऱ्यांचे पाच शब्द, मग पाच आद्याक्षरं, जी तो उत्तरपत्रिकेच्या कच्च्या कामाच्या जागी सुरुवातीलाच लिहून घेईल. चुका परत दिसल्या तर एक टप्पा मागे.

उलटे_अंक:
सवलतीबद्दल: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पण दोन्ही एकत्र असणं नेहमीचं. वाचन बरं असलं तरी गणिताची आणि लेखनाची अध्ययन अक्षमता चाचणी नववीतच करून घ्या. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की पालक धावतात आणि अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या रांगेत अडकतात.

आणि औषध सुरू झालंच तर वर्गाची नोंद वेळेसह ठेवा. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तासच टिकतो. सकाळी गणित छान आणि संध्याकाळी गृहपाठाला रडारड, हे डॉक्टरांना त्या नोंदीतूनच कळेल.