खिडकी संभाजीनगरात उघडायलीय, उदगीरला नाही

मांजराकाठ (उदगीर):
लॅब छत्रपती संभाजीनगरला, मी घरी उदगीरला, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. दोन्हीकडं उबुंटू लिनक्स. मांजरा खोऱ्याच्या उपग्रह प्रतिमा लॅबच्या मशीनवर आहेत, त्या उतरवून घ्यायच्या तर डेटा पॅक सकाळीच संपतो. म्हणून एसएसएचला (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची कमांड) मोठा एक्स (तिकडच्या खिडक्या इकडं दाखवायचा पर्याय) लावून क्यूजीआयएस (नकाशांचा प्रोग्राम) तिकडंच चालवायलेय. लॉगिन झटक्यात होतंय. पण दिवसा क्यूजीआयएस सुरू केलं की खिडकीच येईना, एररही नाही. रात्री तेच केलं की 'कुड नॉट कनेक्ट टू डिस्प्ले :0'. मशीन तेच, कमांड तीच, मग हे दिवसा एक अन् रात्री एक काय प्रकरण आहे? अकाउंट आम्हा सगळ्यांचं एकच आहे, सुडो (ॲडमिनचे अधिकार) माझ्याकडं नाही.

नेटवाला_लातूर:
लॅपटॉपवर 'एक्सहोस्ट +' मारा, तिकडं डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये (खिडकी कुठं काढायची ते हे सांगतं) लॅपटॉपचा आयपी टाका, फायरवॉल बंद करा. आम्ही कॉलेजात असंच करायचो.

जुना_रूट (परभणी):
ताई, वरचं अजिबात करू नका. 'एक्सहोस्ट +' म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा सताड उघडा टाकणं. कुणीही यावं, तुमच्या स्क्रीनवर खिडकी उघडावी, तुम्ही काय टाइप करताय ते वाचावं. बरं, एवढं करून चालणारही नाही. आजकालचा एक्स सर्व्हर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या काढणारा प्रोग्राम, 6000 पोर्टवर ऐकतच नाही, आणि हॉटस्पॉटच्या आड बसलेला लॅपटॉप लॅबच्या मशीनला सापडणार कसा?

एक्समध्ये सगळं उलटं असतं. ज्याच्यापाशी स्क्रीन तो सर्व्हर, म्हणजे तुमचा लॅपटॉप. क्यूजीआयएस हा क्लायंट. एसएसएच लॅबच्या मशीनवर एक नकली डिस्प्ले उभा करतं, आकडा 10 पासून पुढं, पोर्ट 6010 पासून. तिथं जे येईल ते त्याच एसएसएचमधून तुमच्याकडं येतं. म्हणून लॉगिननंतर डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये 'लोकलहोस्ट:10.0' असलं काहीतरी दिसायला पाहिजे.

तुमच्या एररमध्ये ':0' आहे. तो लॅबच्या मशीनचा स्वतःचा मॉनिटर! एसएसएच नीट लावून देतं अन् मागून कुणीतरी पुसतंय. पैज लावतो, '.बॅशआरसी'मध्ये (लॉगिन केलं की आपोआप चालणारी फाइल) 'एक्सपोर्ट डिस्प्ले=:0' अशी ओळ निघणार. दिवसा तुमच्याच अकाउंटनं तिथं कुणीतरी बसलेलं असणार, त्यामुळं खिडकी उघडते, पण त्याच्यापुढं. रात्री कुणीच नसतं, म्हणून एरर.

अकाउंट सगळ्यांचं आहे, तेव्हा ओळ उडवू नका. 'एसएसएच_कनेक्शन' व्हेरिएबल एसएसएचनं आलं तरच भरलेलं असतं; ते रिकामं असेल तरच ती ओळ चालेल अशी अट घाला. त्यानंतर डिस्प्ले रिकामाच आला, तर तिकडं 'एक्सऑथ' (एक्सची परवानगी सांभाळणारा प्रोग्राम) नाही किंवा एसएसएचडीच्या (लॅबकडचा एसएसएच सर्व्हर) कॉन्फिगमध्ये 'एक्स11फॉरवर्डिंग' बंद आहे. ते मात्र ॲडमिनचं काम.

मांजराकाठ:
दादा, निघाली की ओळ! कुणी टाकली देव जाणे. लॅबमधल्या पोराला फोन केला तर तो म्हणतो, "अगं, ते क्यूजीआयएस आपोआप उघडायलंय, मी व्हायरस समजून बंद करत बसलोय."
अट घातली, आता 'लोकलहोस्ट:10.0' येतंय अन् खिडकीही इकडंच. पण नकाशा सरकवला की चहा पिऊन यावं इतका वेळ. एसएसएचला मोठा सी लावून पाहिला, फरक नाही.

जुना_रूट:
पडणारच नाही. सी डेटा दाबतो, पण खिडकी रंगवताना क्लायंट अन् सर्व्हर एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारत बसतात, ती ये-जा हॉटस्पॉटवर जड जाते. एक्स लॅबच्या आतल्या नेटवर्कसाठी ठीक. त्यापेक्षा 'एक्सप्रा' वापरा. ते दोन्हीकडं लागतं, लॅबच्या मशीनवर टाकायला ॲडमिनला सांगा. लाइट गेली, नेट तुटलं तरी प्रोग्राम तिकडं जिवंत राहतो, पुन्हा जोडून घ्यायचा. साध्या एक्समध्ये जोडणी तुटली की क्यूजीआयएस गेलं, न साठवलेलं कामही गेलं.

मांजराकाठ:
मेल टाकलाय ॲडमिनला. तोवर जीडालनं (उपग्रह प्रतिमा कमांडनं बदलायचं साधन) तिकडंच पीएनजी काढून तेवढीच उतरवून घ्यायलेय.

जुना_रूट:
जीडाल_ट्रान्सलेटला 'आउटसाइज' 25% 25% द्या, म्हणजे रुंदी-उंची पाव होईल. पॅकचीही बचत होईल.